फॉरमॅट मारण्याआधी सी ड्राइव्हमध्ये काय काय सापडलं

कराडमधल्या एका घरातला डेस्कटॉप. २०१७ साली घेतलेला, कंपनीचा तयार संच: सातव्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. वापरणारे दोघे. सर निवृत्त मराठी शिक्षक. त्यांना कॉम्प्युटरवर लिहायची सवय नोकरीत असतानाच लागली, आणि आधीच्या जुन्या संचावरच्या सगळ्या फायली त्यांनी या संचावर आणल्या होत्या. वहिनी, म्हणजे त्यांच्या सूनबाई, घरी बसून एका किराणा दुकानाचे आणि एका कृषी सेवा केंद्राचे हिशेब टॅलीत लिहितात.

तक्रार नेहमीचीच. बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत दहा-बारा मिनिटं जात. टॅलीत व्हाउचर सेव्ह करताना स्क्रीन पांढरी पडे. वर्डमध्ये फाईल उघडायला घेतली की माउसचा गोल फिरत राही. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने नुसती लक्षणं ऐकून उपाय सांगितला: "फॉरमॅट मारू, विंडोज नवीन टाकू, संध्याकाळी घेऊन जा. डेटा डी ड्राइव्हला टाकून ठेवा, सी तेवढा उडेल." हा सल्ला आपल्याकडे इतका रुळलाय की त्यावर कोणी उलट प्रश्न विचारत नाही. संच रिक्षात घालण्याआधी सरांनी मला फोन केला. मी हीच कामं करतो, आणि सरांचा विद्यार्थीही आहे.

शेवटी त्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने बसवलंच. म्हणजे दुकानदाराचा उपाय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण तो त्या दिवशी संध्याकाळी झाला असता तर सरांचं पंचवीस वर्षांचं लिखाण त्यांच्याच डिस्कवर, त्यांच्याच नावाच्या फायलींत, वाचता न येण्याजोगं होऊन पडलं असतं. विंडोज बसवणं हे तास-दीड तासाचं काम. त्याच्या आधीचं काम मोठं, आणि मराठी घरात त्याला एक जादा पदर असतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

आधी रोग कुठे आहे ते

टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर जवळजवळ रिकामा, रॅम भरलेली, आणि डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटलेली. काहीही न करता. ४ जीबी रॅमवर विंडोज १० आणि क्रोम एकत्र चालवलं की रॅम कमी पडते, मग विंडोज डिस्कचाच काही भाग रॅमसारखा वापरतं, आणि फिरती डिस्क आधीच धीमी. एवढ्याने संच सुस्त होतो, पण स्क्रीन पांढरी पडण्याइतका नाही. म्हणून डिस्कची तब्येत पाहिली.

त्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत साधन पुरतं. हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते, हे साधन ती नोंद फक्त वाचून दाखवतं. त्या नोंदीत मी तीन ओळी आधी बघतो. ०५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब झाले म्हणून डिस्कने बदली केलेले सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे डिस्कवरचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून बदलीही झालेली नाही असे, वाट बघणारे सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. इथे सी५ शून्याच्या बरीच वर होती आणि वरच्या चौकोनात पिवळ्या रंगात इशारा होता. (या साधनात आकडे मुळात सोळाच्या पायावर दिसतात. त्यामुळे ‘१०’ दिसलं तर ते दहा नसून सोळा समजायचं.)

डिस्क जायच्या वाटेवर होती. टॅली अडकत होतं ते याच्यामुळे: व्हाउचरची नोंद ज्या जागी आहे तो सेक्टर डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करायची आणि तोवर सगळं थांबायचं. याच डिस्कवर फॉरमॅट मारून विंडोज टाकलं असतं तर महिनाभर बरं वाटलं असतं. नेहमी केला जातो तो क्विक फॉरमॅट. त्यात फक्त फायलींची यादी नव्याने लिहिली जाते, बाकीच्या डिस्कला हातही लागत नाही. खराब सेक्टर होते तिथेच राहतात.

दुसरी गोष्ट सेटिंग्जमध्ये सापडली. संचाच्या मागच्या स्टिकरवर विंडोज १० होम सिंगल लँग्वेज लिहिलेलं, आणि चालू होतं विंडोज १० प्रो. मध्ये कधीतरी कोणीतरी एकदा ‘फॉरमॅट मारून’ दिला होता आणि क्रॅक केलेलं प्रो टाकलं होतं. डिफेंडर या विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या अपवादांच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह घातलेला. म्हणजे अँटिव्हायरस चालू दिसत होता, पण ज्या ड्राइव्हवर विंडोज आहे तिकडे तो बघतच नव्हता. क्रॅकचा अ‍ॅक्टिव्हेटर (चोरीचं विंडोज अस्सल असल्याचं भासवणारा प्रोग्राम) पकडला जाऊ नये म्हणून ही सोय करतात. ज्या मशीनवर वहिनी दोन दुकानांचं जीएसटी पोर्टल उघडत होत्या आणि जिथे बँकेचे पासवर्ड क्रोममध्ये साठवलेले होते, त्या मशीनवर ही सोय होती. याचा मला मनापासून राग आला. अस्सल विंडोजचे पैसे संच घेतानाच भरलेले होते, लायसन्स मदरबोर्डमध्ये कोरलेलं होतं, आणि तरी त्या कुटुंबाला चोरीचं, उघड्या दाराचं विंडोज वापरायला लावलं गेलं.

या दोन गोष्टींनी पुढचा रस्ता ठरला. डिस्क बदलायचीच, एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, घालायची. नुसती डिस्कच खराब असती तर जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवून अर्ध्या दिवसात काम संपलं असतं, फॉन्ट, टॅली, प्रिंटर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. पण इथे ती प्रत क्रॅकसकट उतरली असती. म्हणून नव्या डिस्कवर कोरं विंडोज, आणि जुन्यातून निवडून निवडून हवं तेवढंच.

डी ड्राइव्हचा भरवसा

"माझं सगळं डीमध्ये आहे, मला काळजी नाही," सर म्हणाले. मी डिस्क मॅनेजमेंट उघडून दाखवलं. तिथे ‘डिस्क ०’ अशी एकच पट्टी, तिच्यावर सी, डी, ई असे तीन भाग. वाळवी लागलेल्या कपाटाचा कप्पा बदलून काय होणार? सी आणि डी वेगळे असले की विंडोज पुन्हा टाकताना डी वाचतो एवढंच खरं. डिस्क मेली की दोन्ही एकदम जातात. सरांनी पट्टीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मग इतकी वर्षं माझ्याकडे दुसरी प्रत कुठेच नव्हती?" नव्हती.

डीमध्ये आणखी एक फोल्डर होतं, जवळजवळ प्रत्येक घरात असतं तसं: ‘सॉफ्टवेअर’. जुन्या सेटअप फायली, आणि त्यातच तो अ‍ॅक्टिव्हेटर. फॉरमॅट मारल्यावर लोक याच फोल्डरमधून सगळं पुन्हा बसवतात आणि घाण परत आत येते. ते फोल्डर आम्ही जुन्या डिस्कवरच सोडलं.

काय काय जपायचं आहे

"तुमच्या महत्त्वाच्या फायली कोणत्या?" हा प्रश्न मी विचारत नाही. त्याला लोक ‘डेस्कटॉपवर आहेत’ एवढंच उत्तर देतात, कारण फाईल कुठे असते हे त्यांना माहीत असण्याची गरजच कधी पडलेली नसते. त्याऐवजी रोजचं काम माझ्यासमोर करायला सांगतो आणि फायली कुठून उघडतात, कुठे जातात ते बघत बसतो.

वहिनींनी आधी एक पेन ड्राइव्ह पुढे केला. "टॅलीचा बॅकअप मी दर महिन्याला घेते." पेन ड्राइव्हमध्ये टॅलीचं चिन्ह होतं, नीट, ठळक. त्याचा आकार बघितला: २ केबी. तो डेस्कटॉपवरचा शॉर्टकट होता, टॅली कुठे आहे याचा फक्त पत्ता. दुकानांचे हिशेब त्यात नव्हतेच. वहिनींनी जे केलं ते त्यांना कोणी दाखवलं तसंच केलं होतं. चिन्ह कॉपी करा म्हणून सांगणाऱ्याने ते चिन्ह कसलं आहे हे सांगितलं नव्हतं.

टॅलीप्राइमचा डेटा बहुतेक वेळा सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम, त्यात डेटा अशा जागी असतो. प्रत्येक कंपनीचं नुसत्या आकड्यांच्या नावाचं एक फोल्डर. ‘पब्लिक’ हे आपल्या नावाच्या फोल्डरच्या बाहेर असल्यामुळे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स असं सगळं निष्ठेने कॉपी करणाऱ्या माणसाकडूनही नेमकं हेच मागे राहतं. जागा अंदाजाने धरू नये. टॅलीत कंपनी निवडताना वर डेटाचा मार्ग लिहिलेला असतो, तोच वाचावा. आम्ही ती फोल्डर उचललीच, शिवाय टॅलीच्या आतून रीतसर बॅकअप घेऊन तो माझ्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून पाहिला. किराणा दुकानाची गेल्या मार्चची शिल्लक आणि देणेकऱ्यांची यादी वहिनींनी वहीतल्या आकड्यांशी ताडली, आणि मगच आम्ही पुढे गेलो. जो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिलेला नाही, त्याच्या भरवशावर मी कुणाची डिस्क पुसत नाही.

टॅलीचं लायसन्स हा वेगळा मुद्दा. ते त्या मशीनशी बांधलेलं असतं, आणि जुनं विंडोज चालू असतानाच ते आतून ‘सरेंडर’ करावं लागतं. मग नव्या जागी पुन्हा चालू होतं. आधी फॉरमॅट आणि मग आठवण, असं झालं तर टॅलीवाल्यांकडे फेऱ्या ठरलेल्या.

आता सरांच्या फायली. त्या खरोखरच डीमध्ये होत्या, सालवार, विषयवार, शिक्षकाला शोभेल अशा: शाळेची हस्तलिखितं, स्मरणिका, व्याकरणाच्या टिपणांची आठ-दहा वर्षांत वाढत गेलेली फाईल, गावच्या वाचनालयाचा इतिहास, वडिलांच्या आठवणी. सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. मग मी माझ्या लॅपटॉपवर त्यातली पहिलीच फाईल उघडली.

मराठीचं एकही अक्षर दिसेना. पानभर रोमन अक्षरं, मध्येच टक्क्याचं चिन्ह, डोक्यावर टिंब असलेली परकी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं. सर माझ्या शेजारी उभे होते. "हे काय? माझ्याकडे तर नीट दिसतं!" त्यांच्याकडे दिसत होतं कारण त्यांच्याकडे फॉन्ट होता.

फॉन्टची गोष्ट

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि विंडोजमध्ये देवनागरी रीतसर चालायला लागलं ते विंडोज २०००पासून. आपल्या घराघरांत, छापखान्यांत, कचेऱ्यांत ते रुजायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर मराठी कॉम्प्युटरवर लिहिली गेली ती श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांमध्ये. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि पुण्याच्याच सी-डॅकचं आयएसएम यांच्याशिवाय त्या काळात मराठी छपाईचं पान हलत नसे.

या फॉन्टांची युक्ती अशी होती की रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे: कुठे अर्धा ‘क’, कुठे काना, कुठे रफार. कॉम्प्युटरला वाटतं आपण रोमन अक्षरं साठवतोय, आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फाईलमध्ये मराठी नसतंच. मराठी असते फॉन्टमध्ये. फॉन्ट गेला की मागे नुसते रोमन संकेत उरतात. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. श्रीलिपीतली फाईल शिवाजी फॉन्टमध्ये उघडली तर देवनागरी दिसते, पण अर्थ लागत नाही.

युनिकोडमध्ये ‘म’ला स्वतःचा क्रमांक आहे, कुठलाही फॉन्ट असो. सरांच्या अलीकडच्या काही फायली मंगलमध्ये होत्या. कोऱ्या विंडोज १०मध्ये मंगल फॉन्ट असेलच असं नाही, मराठी भाषा जोडल्यावर किंवा देवनागरीचे पूरक फॉन्ट मागवल्यावर तो येतो. तरी त्या फायली माझ्याकडे व्यवस्थित वाचता आल्या. विंडोजमधल्या निर्मला या दुसऱ्या देवनागरी फॉन्टने त्याची जागा घेतली आणि फक्त ओळी इकडच्या तिकडे झाल्या. जुन्या फायलींचं तसं नाही.

म्हणून सरांच्या डी ड्राइव्हचा जीव सी ड्राइव्हमध्ये होता, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये. सी तेवढा उडेल म्हणणाऱ्याच्या मनातही हे आलं नसणार.

कोणत्या फाईलला कोणता फॉन्ट लागतो हे शोधणं अवघड नाही. फॉन्ट नसला तरी वर्ड त्याचं नाव वरच्या चौकटीत दाखवत राहतं. ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्ड या भागात फॉन्ट सब्स्टिट्यूशन म्हणून एक बटण आहे, ते उघडलेल्या फाईलला न सापडलेल्या फॉन्टांची यादीच देतं. सरांच्या फायलींत श्री-देव-०७१४ आणि त्याची भावंडं सर्वांत जास्त, त्याखालोखाल डीव्हीबी-टीटी सुरेख, शाळेच्या काळातल्या काही शिवाजी०१मध्ये. फॉन्ट्स फोल्डर आम्ही सगळंच्या सगळं उचललं. शिवाय दुसरी एक जागा पाहिली, जी बहुतेकांना ठाऊक नसते: विंडोज १०च्या २०१८नंतरच्या आवृत्त्यांत एखादा फॉन्ट फक्त स्वतःपुरता बसवला तर तो वापरणाऱ्याच्या अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरात जातो. स्मरणिकेच्या मथळ्याचा एक फॉन्ट तिथेच सापडला.

श्रीलिपीची सीडी आणि तिचं कुलूप, म्हणजे यूएसबीत लावायचा डोंगल, सरांनी खणात जपून ठेवला होता. पाहणाऱ्याला तो जुना पेन ड्राइव्ह वाटावा असा. घर आवरताना असले डोंगल फेकले जातात, म्हणून त्याला मी लगेच नावाची चिठ्ठी चिकटवली.

जुनं विंडोज अजून सुरू होत होतं, फॉन्ट जागेवर होते, तेव्हाच आणखी एक काम उरकलं: प्रत्येक महत्त्वाच्या फाईलची पीडीएफ. विंडोज १०मध्ये त्यासाठी वेगळं काही लागत नाही, प्रिंट देताना प्रिंटरच्या जागी मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ निवडायचं. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे पान कुठेही जसंच्या तसं दिसतं. त्यातला मजकूर कॉपी करायला गेलं तर पुन्हा तेच रोमन संकेत हाती येतात, पण वाचता येणं हे आधी. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्राममध्ये केलेल्या स्मरणिकांच्या बाबतीत तर हाच एक खात्रीचा उपाय होता. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१मधली, आणि त्या फायली पुढे कुठे उघडता येतील याची खात्री देता येत नाही.

आजारी डिस्कवरून उतरवताना

क्रम महत्त्वाचा. जायच्या वाटेवरची डिस्क किती तास साथ देईल ते ठाऊक नसतं, म्हणून लहान आणि पुन्हा न मिळणारं आधी: टॅलीचा डेटा, सरांचं लिखाण, फॉन्ट. फोटो त्यानंतर. डाउनलोड केलेले सिनेमे शेवटी, जमलं तर. पीडीएफ करण्याचं काम हे सगळं बाहेर उतरल्यावर.

या अवस्थेत चेकडिस्कची, म्हणजे विंडोजमधल्या डिस्क तपासणाऱ्या साधनाची, दुरुस्ती चालवू नये. ती अख्ख्या डिस्कवरून सेक्टरमागून सेक्टर फिरते, आणि थकलेल्या डिस्कला तेवढंच निमित्त पुरतं. साधं कॉपी-पेस्टही नको, एका खराब फायलीपाशी ते अडून बसतं. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची आज्ञा आहे ती वापरावी, पण तिचं एक पथ्य आहे. वाचता न आलेली फाईल ती मुळात दहा लाख वेळा पुन्हा वाचायला जाते, दर खेपेला तीस सेकंद थांबून. एकदाच प्रयत्न, एक सेकंद थांबा, आणि वगळलेल्यांची नोंद फायलीत, असं सांगून ती चालवली. शेवटी त्या नोंदीत मूठभर फोटो आणि एक व्हिडिओ राहिला. फोटो वहिनींच्या बहिणीच्या फोनमध्ये होते, व्हिडिओ गेला.

प्रती दोन केल्या, वेगवेगळ्या डिस्कांवर, आणि एक त्याच दिवशी सरांच्या मुलाबरोबर त्याच्या ऑफिसात गेली.

प्रत्यक्ष विंडोज

हा भाग थोडक्यात, कारण तो खरंच थोडका आहे.

माझ्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज १० तयार केलं. पेन ड्राइव्ह सरांच्या मशीनवर तयार केला नाही, कारण त्या मशीनवर विश्वास उरला नव्हता. संच बंद करून जुन्या डिस्कची केबल काढली आणि ५०० जीबीची एसएसडी लावली. जुनी डिस्क लावलेली ठेवून विंडोज बसवलं तर सुरू होण्यासाठी लागणारा छोटा भाग कधीकधी जुन्या डिस्कवरच जाऊन बसतो. मग पुढे ती काढली की नवं विंडोज चालूच होत नाही. रॅमची आणखी एक ४ जीबीची पट्टी घातली. इन्व्हर्टर आहे का ते आधीच विचारलं होतं, कराडात दुपारची वीज हा भरवशाचा विषय नाही.

संच कशावरून सुरू करायचा ते विचारणाऱ्या बूटच्या यादीत पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो. त्यातला यूईएफआय (संच सुरू करण्याची नवी पद्धत) लिहिलेला निवडायचा. दुसरा निवडला तर पुढे काही वेळा डिस्कच्या प्रकारावरून विंडोज अडून बसतं आणि माणूस गोंधळतो. सेटअपने आवृत्ती विचारलीच नाही, मदरबोर्डमधलं लायसन्स वाचून स्वतःच होम सिंगल लँग्वेज घेतली. इंटरनेट जोडताच अ‍ॅक्टिव्हेट झालं, अस्सल, एक रुपया न देता. ‘सिंगल लँग्वेज’ म्हटल्यावर सरांना शंका आली की मराठी चालेल का. मेनूची भाषा एकच राहते, एवढाच त्याचा अर्थ. लिहायला हव्या तेवढ्या भाषा जोडता येतात.

डेस्कटॉप आता अर्ध्या मिनिटात येतो. अपडेट होऊ दिले, मग श्रीलिपी सीडीवरून, फॉन्ट, टॅली, लायसन्स, प्रिंटर. सरांचे हात टाइपरायटरच्या मांडणीला बसलेले. विंडोजच्या मराठीत इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक या कीबोर्डच्या मांडण्या मिळतात, टाइपरायटरची मांडणी वेगळी बसवावी लागते. ती आयएसएममधून दिली. पासवर्ड मात्र एकही जुन्यातून आणला नाही. वहिनींनी बँकेचा, जीएसटीचा, ईमेलचा पासवर्ड नव्या विंडोजवर बसून नव्याने केला, कारण उघड्या दाराच्या काळात कोण आत येऊन गेलं हे कळायला मार्ग नाही.

विंडोज ११ का नाही, हा प्रश्न वहिनींनी विचारला आणि तो रास्त होता. विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. या संचात टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या विंडोज ११ला लागणाऱ्या सुरक्षेच्या दोन्ही सोयी आहेत, पण सातव्या पिढीचा हा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही, इंटेलची ती यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. यादीला बगल देऊन ११ बसवता येतं, त्याची साधनंही सर्रास मिळतात. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दुसऱ्यांचे हिशेब असलेल्या मशीनवर मला ते पटत नाही. म्हणून १०च ठेवलं आणि वाढीव सुरक्षा अपडेटची एक वर्षाची सोय घेतली. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती पैसे न भरता मिळते. मुदत १३ ऑक्टोबर २०२६.

सरांचं काम अजून चालू आहे

जुन्या फॉन्टवरून युनिकोडमध्ये नेणारी रूपांतरकं आहेत आणि ती चांगलं काम करतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून सोडता येत नाही. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप होई. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलटं: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. ही अदलाबदल रूपांतरकाला प्रत्येक जोडाक्षरापाशी बरोबर ओळखावी लागते. ‘निवडणूक’ नीट येते, ‘स्थिती’पाशी वेलांटी ‘स’वर चढते. ‘कार्यक्रम’ बरोबर येतो, ‘वर्षी’मधला रफार कधी पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. ‘पुऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ तर हमखास बघाव्या लागतात. मध्ये कुठे इंग्रजी शब्द असेल तर त्याचंही मराठी होऊन बसतं.

व्याकरण शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यापेक्षा योग्य काम मिळालं नसतं. सर एक फाईल रूपांतरित करतात, शेजारी पीडीएफ उघडून ओळ न् ओळ ताडतात, मग पुढची. वाचनालयाचा इतिहास पुरा झालाय, आता व्याकरणाची टिपणं चालू आहेत. शिवाजी०१मधल्या दोन फायली मात्र त्या फॉन्टमध्येही नीट उघडत नाहीत, बहुधा त्याच नावाच्या वेगळ्या फॉन्टात लिहिल्या गेल्या असाव्यात. त्या शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांकडे कोणाचा जुना कॉम्प्युटर शिल्लक असेल तर तिथे तो फॉन्ट मिळेल, म्हणून सर विचारपूस करताहेत.

जुनी डिस्क तारीख आणि ‘वापरू नये’ असं लिहून कपाटात ठेवलीय. काही राहिलंय असं वर्षभरात लक्षात आलं तर ती पुन्हा लावून बघता येईल. त्यानंतरही ती भंगारात द्यायची नाही असं ठरलंय. क्विक फॉरमॅटने डेटा जात नाही, फुकट मिळणाऱ्या साधनांनी तो परत काढता येतो, आणि त्या डिस्कवर दोन दुकानांची सगळी उलाढाल आहे. आतल्या तबकड्या फोडूनच ती टाकायची.

ऑक्टोबर २०२६च्या आत वहिनी टॅलीसाठी विंडोज ११चा लॅपटॉप घेणार आहेत. हा डेस्कटॉप मग फक्त सरांचा. तोवर त्यांचं बहुतेक लिखाण युनिकोडमध्ये आलेलं असेल, म्हणून त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकायचा विचार आहे. हे फॉन्ट तिथेही बसवता येतात आणि लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मोफत प्रोग्राममध्ये जुन्या वर्ड फायली त्यांच्यासह उघडतात. त्यातल्या चार-पाच फायली माझ्या मिंटवर सरांनी स्वतः उघडून पाहिल्या आहेत.